मिशीला लागलेला चीक

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मी तेव्हा नव्हतो.

समुद्रकाठी एक लहानसं राज्य होतं. तिथे दर वैशाखात राजवाड्यासमोर पाण्याने भरलेलं तांब्याचं घंगाळ ठेवत. खाण्याचा जिन्नस विकणाऱ्या प्रत्येकाने आपला माल त्यात थोडा विरघळवायचा आणि राजाने घोटभर प्यायचं. त्याने प्रजा एकजीव झाली, असं मानत. मीठवाला मीठ टाकी, गूळवाला गूळ. तेली मात्र घंगाळाला नुसता हात लावून जाई. तेल पाण्यात विरघळत नाही हे म्हाताऱ्या राजाला कळत होतं, म्हणून तो काही बोलत नसे.

म्हातारा गेला, मुलगा गादीवर बसला. त्याची मिशी नवी, अक्कल त्याहून नवी. तेल्यालाही सूट नाही, म्हणाला.

तेल्याने वाटीभर तेल ओतलं. ते वर तरंगत राहिलं.

राजाला वाटलं, हा माणूस फितूर आहे. त्याने हुकूम सोडला, की सूर्य बुडेपर्यंत तेल विरघळव, नाहीतर घाणा मोडून बायको-बैलासह राज्याबाहेर हो. आणि तोवर वाड्यात तेलाचा थेंब दिसता कामा नये. मुदपाकखान्यातले बुधले तिथल्या तिथे उकिरड्यावर रिकामे झाले.

तेली रवी घेऊन घंगाळ घुसळत बसला. हात चालला की तेलाचे बारीक थेंब व्हायचे, हात थांबला की सगळे पुन्हा वर गोळा. मीठवाला शेजारी उभा राहून सांगत होता, की आपलं मीठ कसं हूं की चूं न करता विरघळलं. घाण्याचा बैल जवळच बांधला होता. तो म्हणाला, "जन्मभर मला फिरवलंस. आज तू फीर."

तेलीण कपाळाला हात लावून सामान बांधू लागली.

इकडे दुपारी राजापुढे फणस आला. हाताला तेल लावल्याशिवाय फणस फोडू नये, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत. पण तेल होतं कुठे? राजाने तसाच फोडला, गरे ओरबाडले आणि ताव मारून मिशीवरून हात फिरवला. झालं. हात मिशीला चिकटला, मिशी खालच्या ओठाला चिकटली.

पाणी ओतलं, चीक हलेना. मिठाचं पाणी ओतलं, नुसतं झोंबलं. गुळाचं पाणी ओतलं, तर माश्या आल्या. न्हावी वस्तरा घेऊन पुढे झाला, तेव्हा राजाने असे डोळे वटारले की तो मागच्या मागे पळाला.

शेवटी राजा तसाच, एक हात तोंडावर, घंगाळापाशी आला. सूर्य टेकला होता आणि तेलिणीची गाडी भरून शेजारीच उभी होती.

ती म्हणाली, "महाराज, आधी सांगा. बैल जुंपू का सोडू?"

राजाला बोलता येईना. त्याने मोकळ्या हाताने स्वतःच बैलाचं दावं सोडलं, म्हणजे हद्दपारी रद्द.

मग तिने घंगाळावर तरंगणारं तेल ओंजळीत गोळा केलं. सकाळी ओतलं तसंच होतं, विरघळलं असतं तर कुठून मिळालं असतं? ते तिने मिशीला चोळलं. चीक सुटला, हात सुटला, राजाने श्वास घेतला.

"हे पाण्याला का जमलं नाही?" त्याने विचारलं.

तेली म्हणाला, "महाराज, मीठ-गूळ पाण्याचे सोयरे. चीक तेलाचा सोयरा. सोयऱ्याशिवाय कोणी कोणाला सोडवत नाही."

दुसऱ्या वर्षी राजाने तेलाचंही एक घंगाळ मांडलं आणि सगळ्यात आधी मीठवाल्याला बोलावलं. मीठवाला दिवसभर घुसळत राहिला, मीठ तळाशी जसंच्या तसं. संध्याकाळी राजा त्याला हद्दपार करायला तोंड उघडणार, तोच त्याचा हात आपोआप मिशीकडे गेला. तो गुपचूप आत निघून गेला.

बैल मीठवाल्याकडे बघत सावकाश रवंथ करत होता.

तर लक्षात ठेवा: जो आपल्यात विरघळत नाही तो टाकाऊ नसतो, त्याच्या उपयोगाची जागा वेगळी असते.