तळाच्या पणत्या

जंगलात दिवाळीचा बाजार भरायचा, त्या काळी वडाच्या ढोलीत चुळबुळी नावाच्या खारीचं दुकान होतं. दसरा झाला आणि तिच्या जिवाला चैन पडेना. आधी तिने पणत्या भरल्या, त्यांवर रांगोळी, मग उटणं, सगळ्यात वर आकाशकंदील. ढोली काठोकाठ भरली, तरी तिची धावपळ थांबेना.

कासवमामांनी खालून विचारलं, "अगं, पहिलं गिऱ्हाईक काय मागेल, याचा विचार केलास का?"

"मामा, विचार करायला वेळ कुणाला आहे?" म्हणत ती आणखी कंदील आणायला पळाली.

वसुबारस उजाडली. ससा आला. "पणत्या दे गं, आज पहिला दिवा लावायचा."

"आहेत की! पण पार तळाशी आहेत. उटणं नेतोस?"

"ते पहिल्या आंघोळीला. आज पणतीच हवी."

मागोमाग हरिणी आली, साळिंदर आलं. सगळ्यांना पणत्याच हव्या होत्या. चुळबुळी घाईघाईने वरचा माल उपसत राहिली आणि गिऱ्हाइकं ओढ्यापलीकडच्या दुकानात गेली. येताना सगळी दिवाळी तिथूनच घेऊन आली.

तिन्हीसांजेला दारोदारी दिवे लागले. पाचशे पणत्यांची ढोली तेवढी अंधारात होती.