न संपणारी कबड्डी

त्या दिवशी वारा पडला होता आणि मैदानातली माती उन्हानं तापली होती. शाळेचा कबड्डीचा संघ निवडायचा होता. सोपान बोलताना अडखळायचा, म्हणून कप्तान रणधीर सगळ्यांदेखत खिदळला, "हा क-क-क करत बसेल! याची कबड्डी संपायचीच नाही. चल, हो बाहेर!"

सोपानचे डोळे भरले. ते बघून त्याचा दोस्त येसू पुढं झाला.

"मधे बोललास तर तुलाही काढीन," रणधीर गुरगुरला.

"काढ की. पण सांग, कबड्डी संपली की गडी बाद होतो ना?"

"होतो."

"मग ज्याची कबड्डी संपतच नाही, असला गडी घालवतोस होय?"

पोरं खो खो हसली. रणधीरनं ओशाळून सोपानला आत यायची खूण केली. सोपान संघात आला.

कुंपणावरून सगळं बघणाऱ्या शेजारच्या हौसाकाकू येसूला म्हणाल्या, "येशा, हात न लावता गडी बाद केलास की रे!"