बोरखिंड नसलेला नकाशा

एका राज्यात नद्या आपल्या मर्जीने वाहत आणि डोंगर राजालासुद्धा वाट देत नसत. राजा दंडपालाला हे खपेना. त्याच्या पदरी मेखला नावाची नकाशे काढणारी होती. तिने सारे राज्य रेशमावर असे उतरवले, की त्यातल्या आमराईवर खरे पोपट चोच मारायला येत. खोटे वाटत असेल तर पोपटांना विचारा.

राजा म्हणाला, "शाबास! आता धरतीनेच या नकाशासारखे वागावे."

दरबारचा मांत्रिक कपालनाथ पुढे झाला. ओल्या शाईवर फुंकर घालून तो बोलला, "तथास्तु. यात जे असेल, तेच धरतीवर असेल."

झाले! डोंगर चटईसारखे आडवे पडले. नदी दोऱ्याएवढी बारीक झाली. जी गावे नकाशात नव्हती, ती जागच्या जागी नाहीशी झाली. त्यांतच बोरखिंड गेली: मूठभर झोपड्या, एक विहीर आणि मेखलेची धाकटी बहीण सुरंगा. एवढेसे गाव रेशमावर मावायचे कुठे, म्हणून मेखलेनेच ते सोडले होते.

ती मांत्रिकाच्या पाया पडली. "नाथमहाराज, माझी बहीण द्या."

"नकाशा फाडशील तर राज्य फाटेल. तीन गोष्टी त्यात काढून दाखव. डोंगराची उंची, नदीची लहर आणि तुझी बोरखिंड, माणसांसकट. सूर्य मावळला की शाई सुकेल. मग जे नाही, ते कायमचे नाही."

खिडकीत एक टिटवी येऊन बसली होती. तिची उघड्या माळावरची अंडीही माळासकट गेली होती. ती ओरडली, "हात चालव, बाई! रात्री पाय वर करून आभाळ पेलायचे असते मला."

मेखलेने डोंगरावर बारीक रेघा ओढल्या. चढ जेवढा उभा, तेवढ्या दाट. टिटवी त्यांवरून चालू लागली आणि निम्म्यातच धापा टाकू लागली, "थांब गं, आधी पाणी पाज!" बाहेर डोंगर अंगावरची धूळ झटकत उभे राहिले. कपालनाथालाही म्हणावे लागले, "हात आहे बाई तुझा!"

मग तिने नदीचे उन्हाळी पात्र काढले आणि त्याशेजारी पावसाळी. दोन्ही एकदमच आली. एका काठावर बायका वाळूत झरे उकरत होत्या, दुसऱ्या काठावरून हत्ती वाहून चालले होते. कपालनाथ हसला. "लहरी आहे खरी."

उरली बोरखिंड. मेखलेने खारीच्या शेपटीच्या एका केसाने ठिपका दिला. नकाशातला ठिपका बाहेर कोसभराचा झाला आणि तेवढ्या रुंदीची झोपडी उभी राहिली. दार सताड उघडे, आत कोणी नाही.

"सुरंगे!" तिने हाक मारली. तिचाच आवाज परत आला. सूर्य अर्धा डोंगराआड गेला होता.

टिटवी म्हणाली, "आणि माझे घर कुठल्या केसाने काढशील? तुझ्या ठिपक्यात माझी अंडी बुडून मरतील."

मेखलेचा हात थांबला. एक काढावे, तर शंभर राहतात. तिने पदराने ठिपका पुसला, जाडा बोरू शाईत बुडवला आणि रेशमाच्या कोपऱ्यात ठसठशीत लिहिले: याखेरीज पुष्कळ आहे.

कपालनाथ ताडकन उठला. "हे चित्र नव्हे!"

"पण नकाशात आहे, महाराज. तुमच्याच मंत्राने ते खरे व्हायला हवे."

धरतीने क्षणभर विचार केला आणि आज्ञा पाळली. पायवाटा उलगडल्या, माळ पसरले, नदीने एक ऋतू निवडला. सूर्य बुडाला, शाई सुकली. कपालनाथाने हात जोडले. राजाने हुकूम काढला, की यापुढे त्या ओळीशिवाय एकही नकाशा दरबारात येऊ नये.

मेखला मात्र हुकूम ऐकायला थांबली नव्हती. ती धावत बोरखिंडीत पोचली, तेव्हा सुरंगा चुलीपाशी कपाळाला हात लावून बसली होती.

"ताई, बघ ना! आत्ता भाकरी तव्यावर टाकली, तर लगेच संध्याकाळ! आणि भाकरीचा कोळसा!"

मेखलेने ती भाकरी मागून घेतली आणि उभ्या उभ्या सगळी खाल्ली.

टिटवीसह तिघींची ही कहाणी सुफळ झाली. संपूर्ण म्हणायला मात्र जीभ धजत नाही.