पळीचा आग्रह

भांडी आपसांत बोलायची, त्या काळची गोष्ट. दामूअण्णांना मधुमेह जडला. वैद्यांनी बजावलं, "गोड सणापुरतंच, तेही या चिमुकल्या वाटीभर."

खीर वाढणारी पळी हिरमुसली. वाटीला म्हणाली, "मापून वाढतात ते परक्याला! आपल्या माणसाला आग्रह करावा, बाई."

"त्यांना सोसत नाही गं," वाटी कळवळली.

पण वाटी रिकामी झाली, की पळी पुन्हा काठोकाठ भरायची. "पुरे, पुरे," म्हणत अण्णा हात आडवा धरायचे आणि शेवटी तिचं मन मोडवेना म्हणून खायचे.

एक दिवस अण्णा गेले. तेराव्याला अंगणात कावळ्यासाठी पान मांडलं. पळीने खीर भरभरून वाढली आणि क्षणभर थांबली.

हात काही आडवा आला नाही.