नव्या बसचा पहिला घाट

डिझेलच्या जुन्या काळात एका डेपोमागे म्हातारा ट्रक आणि म्हातारी बस दिवसभर आपले घाट आठवत उभे असत. एका सकाळी नवी बस त्यांच्याकडे आली.

"मावशी, आज माझा पहिला घाट आहे. उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून काय करायचं?"

"सोपं आहे. मी हे शिकले बासष्ट साली..."

"त्या साली तू रस्त्यावरच नव्हतीस," ट्रक म्हणाला.

"मामा, मला निघायचंय."

"थांब गं, आधी हिचं साल दुरुस्त करू दे."

दोघं सालावरून भांडत राहिले. नवी बस निघून गेली.

संध्याकाळी तिला ओढून आणलं. ब्रेक तापून लागले नव्हते, तोंड दरडीवर आपटून चेपलं होतं. तिला त्या दोघांच्या मधोमध उभं केलं.

ट्रक म्हणाला, "उतारावर खालच्या गिअरमध्ये राहायचं असतं."

"एवढंच सांगायचं होतं?" नवी बस म्हणाली.