होडीतली पुढची जागा

ही गोष्ट फार पूर्वीची नाही, पण आटपाट नगरापेक्षा लांबची आहे. ब्राझील नावाच्या देशात एक भलीमोठी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी, पाण्याने वेढलेलं एक लहानसं गाव होतं. गावात घरं लाकडी खांबांवर उभी, म्हशी गुडघाभर चिखलात, आणि माणसं बघावं तेव्हा होडीत. असं असूनही त्या गावाला वेड कशाचं, तर फुटबॉलचं.

आता पाण्यातल्या गावाला मैदान कुठून येणार? नदीकाठी एक चिंचोळी पट्टी तेवढी कोरडी राहायची. तिथे एकच गोल मावत होता, म्हणून दोन्ही संघ आळीपाळीने त्याच गोलवर चढाई करायचे. गोलच्या मागे लगेच नदी. गोलला जाळी नव्हती, कारण गावात जेवढी जाळी होती तेवढी मासे धरायलाच पुरत नव्हती. त्यामुळे गोल झाला की चेंडू थेट पाण्यात जायचा.

म्हणून त्या गावाने एक रीत घातली होती. गोल करणाऱ्याने आणि त्याला पास देणाऱ्याने मिळून चेंडू आणायला जायचं. काठावर होडी बांधलेलीच असे. पास देणारा मागे बसून वल्हवायचा, गोल करणारा पुढच्या जागेवर बसून वाकून चेंडू उचलायचा. तिसऱ्याने मध्ये पडायचं नाही, कारण तो त्या दोघांचा मान होता. आणि चेंडू काठावर परत आल्याशिवाय गोल धरायचा नाही.

ही रीत गंमत म्हणून पडली नव्हती. कोणे एके काळी गावातला एक जण गोल करून आनंदाच्या भरात एकटाच होडी घेऊन गेला. चेंडू धरण्यासाठी त्याने वल्हं सोडलं, ओहोटीने होडी फिरवली, आणि तो काही परत आला नाही. तेव्हापासून गाव म्हणायचं, एक हात चेंडूला लागतो आणि दोन हात वल्ह्याला, तेव्हा दोघांनी जा.

या गावात दोन मित्र होते. एकाचं नाव बेन्तो. तो नावाड्याचा मुलगा, शांत, कमी बोलणारा. मैदानात कोण कुठे धावणार आहे हे त्याला आधीच दिसायचं आणि चेंडू बरोबर तिथे जाऊन पडायचा. दुसऱ्याला सगळे तिझिऊ म्हणत. तिझिऊ हा तिकडचा एक चिमुकला काळा पक्षी. तो कुंपणावर बसल्या जागी टुणकन उडी मारतो आणि पुन्हा तिथेच बसतो. हा मुलगाही तसाच उडी मारून डोक्याने गोल करायचा, म्हणून ते नाव त्याला चिकटलं.

बेन्तोने पास द्यावा, तिझिऊने गोल करावा, आणि दोघांनी होडीत बसावं, हे इतक्या वेळा झालं की गावाला त्याचं काही वाटेनासं झालं. काठावर कसावा नावाच्या कंदाच्या पिठाच्या पोळ्या विकणारी एक मावशी बसायची. चेंडू परत आला की ती चुलीतल्या कोळशाने गोलखांबावर एक रेघ ओढायची. कोणी कितीही आरडाओरडा केला तरी होडी काठाला लागेपर्यंत तिचा कोळसा हलायचा नाही.

एकदा शहरातल्या मोठ्या क्लबचा माणूस मोटारबोटीतून त्या गावी आला. त्याने खेळ पाहिला आणि तिझिऊचा हात धरला.

"याला मी नेतो," तो म्हणाला.

"आणि बेन्तो?" तिझिऊने विचारलं.

"आम्हाला गोल करणारा हवाय, बाळा. पास देणारे आमच्याकडे आहेत."

तिझिऊने हात सोडवून घेतला. पण बेन्तोनेच त्याची पिशवी उचलून बोटीत ठेवली. "जा रे," तो म्हणाला. "मी इथेच आहे. तू आलास की जाऊ चेंडू आणायला."

शहरात तिझिऊचं नशीब फळफळलं. पहिला गोल झाला तेव्हा सवयीने तो चेंडू उचलायला वाकला, तर चेंडू जाळीत! आता होडीचं काय करायचं, त्याला कळेना. मग तो पास देणाऱ्या गड्याकडे धावत गेला, त्याला हाताला धरून गवतात बसवलं, स्वतः त्याच्या पुढे बसला आणि दोघांनी मिळून हवेतच वल्हवल्यासारखं केलं. लोक हसून हसून बेजार झाले. पुढच्या सामन्याला ते स्वतःच ओरडू लागले, "होडी! होडी!" लहान पोरं गल्लीबोळात तसंच करू लागली. तिकडे गावात दुकानातल्या टीव्हीपुढे बसून बेन्तो हे बघायचा आणि त्याचा चेहरा उजळायचा.

एवढं नाव झाल्यावर समुद्रापलीकडून बोलावणं यायला किती वेळ लागतो? तिझिऊ एका थंड देशात खेळायला गेला. तिथलं मैदान गालिच्यासारखं, आणि तिथली माणसं हातमोजे घालून टाळ्या वाजवणारी. तिथे एक उंच, अबोल खेळाडू त्याला पास द्यायचा. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती. पण पहिल्या गोलनंतर तिझिऊने त्याला गवतात बसवलं, आणि तो उंच गडी गुडघे दुमडून मुकाट्याने वल्हवू लागला. त्या दिवसापासून तो तिझिऊ कुठे आहे हे न बघताच पास द्यायला लागला.

सगळं छान चाललं होतं. पण तिझिऊचा एक एजंट होता. जुन्या गोष्टींत राजपुत्राला फितवणारा एक तरी असतो. हा दिसायला चांगला सज्जन होता आणि बोलायचाही गोड.

"तिझिऊ, ती होडी आता बंद कर," एक दिवस तो म्हणाला.

"का हो?"

"बुटाच्या कंपनीला तुझा फोटो हवाय. दरवेळी फोटोत दोन माणसं येतात. बघणाऱ्याने कोणाकडे बघायचं? गोल झाला की हात पसरायचे आणि एकट्याने कोपऱ्याकडे पळायचं. कॅमेरा तिथेच असतो."

"पण पास त्याने दिलेला असतो ना?"

"मग? त्याचा पगार त्याला मिळतोच की."

तिझिऊ त्या संध्याकाळी बराच वेळ खिडकीपाशी बसला. मनाला पटत नव्हतं, हे त्याला चांगलं कळत होतं. पण रस्त्यापलीकडच्या भल्यामोठ्या फलकाकडे त्याची नजर पुन्हा पुन्हा जात होती, आणि त्यावर आपला एकट्याचा चेहरा कसा दिसेल हे मनात येत होतं. चेहरा छान दिसत होता. तिथेच त्याचा निर्णय झाला.

पुढच्या सामन्यात गोल झाला. उंच गडी हसत त्याच्याकडे धावत आला आणि गवतात बसलाही. तिझिऊ हात पसरून कोपऱ्याकडे पळाला. कॅमेऱ्यांचे दिवे लखलखले. उंच गडी थोडा वेळ तसाच बसून राहिला, मग उठून पँटला लागलेलं गवत झटकत आपल्या जागी गेला.

त्या रात्री गावाहून फोन आला. बेन्तो म्हणाला, "गोल झकास झाला रे. मावशी विचारत होती, चेंडू कोणी आणला?"

तिझिऊ मोठ्याने हसला. "सांग मावशीला, इथे चेंडू आणायला माणसं ठेवलेली असतात!"

मग बेन्तो म्हणाला, "बरं आहे मग." आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर त्याचे फोन कमी झाले आणि तिझिऊच्या ते लक्षातही आलं नाही.

फलकावर त्याचा चेहरा झळकला. काही काळ त्याचे पाय जमिनीवर नव्हते. पण हळूहळू गोल आटू लागले. कोणी त्याच्याशी दुष्टावा केला असं नाही. पास यायचेच, फक्त क्षणभर उशिरा यायचे. पूर्वी तो धावायला लागायच्या आत चेंडू निघालेला असे. आता आधी धावायचं आणि मग मागे वळून वाट बघायची, असं झालं. तिझिऊने थंडीला दोष दिला. बूट बदलले. मग क्लब बदलला, मग देश बदलला. प्रत्येक वेळी मैदान आधीपेक्षा लहान आणि टाळ्या आधीपेक्षा विरळ होत गेल्या. प्रत्येक ठिकाणी तो हात पसरून एकटा पळायचा आणि प्रत्येक ठिकाणचे सोबती ते बघून ठेवायचे. फलकावर दुसऱ्याच कोणाचा चेहरा आला. एजंटाचा फोन लागेनासा झाला.

शेवटी तो मायदेशी, आपल्या जुन्या शहरातल्या क्लबात परतला. लोकांनी जुन्या मायेने "होडी! होडी!" म्हणून आवाज दिला. पण होडीसाठी आधी गोल व्हावा लागतो, आणि तो काही झाला नाही. हंगाम संपला तेव्हा क्लबने त्याला हार घातला आणि निरोप दिला. मग त्याला गावाची आठवण आली. खरं सांगायचं तर दुसरं कुठे जायला जागाच उरली नव्हती.

तो बोटीतून गावच्या धक्क्यावर उतरला. समोर बेन्तो उभा होता. केस पिकायला लागलेले, खांदे नावाड्याचे.

"आलास?" बेन्तो म्हणाला.

"आलो रे. उशीर झाला."

"चालायचंच. रविवारी खेळशील ना?"

बेन्तो रागावून बोलला असता तर बरं, असं तिझिऊला वाटलं. पण बेन्तो त्याची पिशवी उचलून पुढे चालूही लागला होता.

रविवारी अख्खं गाव नदीकाठी लोटलं. मावशी आता चांगलीच थकली होती, पण कोळसा घेऊन खांबापाशी बसली होती. ओहोटी सुरू झाली होती. खेळ रंगला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चेंडू बेन्तोच्या पायाशी आला. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही. कितीतरी वर्षांत आला नव्हता असा पास आला, अगदी वेळेवर, अगदी डोक्याच्या उंचीवर. तिझिऊने टुणकन उडी मारली. चेंडू खांबांमधून जाऊन नदीत पडला.

गोल!

तिझिऊला भान राहिलं नाही. त्याचे हात आपोआप पसरले आणि पाय आपोआप कोपऱ्याकडे पळत सुटले. तो डोळे मिटून, छाती पुढे काढून उभा राहिला. डोळे उघडले तेव्हा समोर एक म्हैस रवंथ करत त्याच्याकडे बघत होती. कॅमेरा नव्हता, दिवे नव्हते. आणि मागे लोकांचा ओरडा एकाएकी थांबला होता.

तो गर्रकन वळला. काठावर होडी नव्हती. बेन्तो एकटाच ती घेऊन पाण्यात गेला होता. पुढची जागा रिकामी होती.

"बेन्तो! थांब!" तिझिऊ काठाकाठाने धावू लागला. त्या एकट्या गेलेल्या माणसाची गोष्ट त्याला आठवली. चेंडू ओहोटीबरोबर सरकत होता. बेन्तोने होडी त्याच्या अगदी जवळ नेली आणि एक हात लांबवला. होडी गपकन फिरली, कलली. काठावरच्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. चेंडू बेन्तोच्या बोटांना लागला, आणि तेवढ्यात त्याने हात मागे घेऊन वल्हं धरलं. होडी सावरली. चेंडू पुढे गेला.

बेन्तो काठाला लागला तेव्हा तिझिऊने पाण्यात शिरून होडी धरली. त्याचा जीव आता कुठे भांड्यात पडला होता. "एकटा का गेलास रे? काही झालं असतं म्हणजे?"

"मी हाक मारली होती तुला," बेन्तो धापा टाकत म्हणाला.

"मला ऐकूच आली नाही."

"हं." बेन्तोने वल्हं आत ठेवलं. "तू तिकडे होतास ना, तेव्हाही मारायचो. टीव्हीपुढे बसून. तू कोपऱ्याकडे पळालास की मी म्हणायचो, अरे मागे बघ, तो बसलाय तुझ्यासाठी. दुकानातले सगळे मला हसायचे."

तिझिऊला तो उंच गडी आठवला, गवतात एकटा बसलेला. खरं तर त्याचं नावही आता नीट आठवत नव्हतं. त्याला विलक्षण शरम वाटली.

खांबापाशी मावशीने हातातल्या कोळशाकडे पाहिलं. "चेंडू कुठाय रे पोरांनो?" तिने विचारलं. बेन्तोने रिकामे हात दाखवले. तिने कोळसा परत चुलीपाशी ठेवून दिला आणि हात कमरेच्या फडक्याला पुसले. तिझिऊचा तो शेवटचा गोल होता, आणि तो धरला गेला नाही.

गर्दी पांगली. तिझिऊ हळूच होडीत चढला आणि पुढच्या जागेवर जाऊन बसला. "चल बेन्तो," तो म्हणाला, "शोधू या. सापडेल."

बेन्तोने नदीच्या मुखाकडे पाहिलं. "ओहोटी आहे रे. आता समुद्राला लागला असेल तो."

तरीही तिझिऊ उठला नाही. मग बेन्तो मागच्या जागेवर येऊन बसला. होडी काठाला बांधलेलीच होती. अंधार पडेपर्यंत दोघे तसेच बसून राहिले.

तात्पर्य: ज्याच्यामुळे यश हाती आलं, त्याच्याकडे त्याच क्षणी वळून बघावं. मागाहून परत गेलं तर माणूस मोठ्या मनाने जागा देतो, पण वाहून गेलेलं त्यालाही परत आणता येत नाही.