भिवराअक्काची फुंकर

पुष्कळ वर्षं झाली. किती, ते सांगायला त्या वेळचं कुणी उरलं नाही. पाणखडप नावाच्या कोळीवाडीत भिवराअक्का राहायची. शिंगाळा माशाचा काटा लागो, पाकटाची विषारी शेपटी बसो, माणसं तिच्याच दारात यायची. ती जखमेवर गरम वाळूची पुरचुंडी धरायची आणि विचारायची, "दुखता?" जितकं दुखणं तितकं विष, एवढंच तिचं शास्त्र. तिच्या हातून कुणी दगावलं नाही, असं म्हणतात.

तिला एकच लेक, सुंद्री. तिकडे रीत अशी, की लग्न ठरलेल्या पोरीने ओहोटीला खडपावरून, म्हणजे किनाऱ्याच्या उघड्या पडलेल्या खडकांवरून, एक देखणा शंख वेचायचा आणि पदराच्या गाठीत बांधायचा. सुंद्रीला बोटाच्या पेराएवढा सापडला, तपकिरी नक्षीचा, निमुळता. आतली गोगलगाय जिवंत होती. सुंद्री गाठ मारत असताना त्या गोगलगायीने तिच्या तळहाताला बारीकसा काटा मारला.

सुंद्रीने घरी येऊन आईला हात दाखवला.

"दुखता?"

"नाय गे. बधिर झालासा वाटता."

"मगे कसला इख! जा, पेज ठेव चुलीर."

पेजेला उकळी यायच्या आधी सुंद्रीच्या पापण्या मिटल्या. मग पाय गेले, जीभ गेली, छाती हलेना. अक्काने कान लावला, तर काळीज धडधडत होतं. तिने लेकीच्या तोंडावर तोंड ठेवलं आणि श्वास फुंकायला लागली. दुपारभर फुंकत राहिली. तोवर भरतीसुद्धा खडपाशी थांबून राहिली होती, असं म्हणतात.

पण मेलेलं माणूस दिवस बुडायच्या आत न्यायचं, ही वाडीची रीत. धाकटा दीर पुढे आला.

"वयनी, चेडू गेला. दिस बुडता, सोड आता."

"जीव आसा तिच्यात! सोडा माका!"

चौघांनी तिला ओढून बाजूला केलं. ती काही वाईट माणसं नव्हती. त्यांना तिची दया आली होती, आणि त्या दयेनेच घात केला. तिरडीवर सुंद्रीच्या डोळ्यातून पाणी ओघळलं, असं म्हणतात. बघणाऱ्यांना वाटलं, लाटेचे तुषार.

अक्काने पुन्हा कुणाच्या जखमेला हात लावला नाही. ओहोटी लागली की ती खडपावर जायची आणि कपारीकपारीत तोंड घालून फुंकत राहायची. एका अवसेच्या भरतीत ती तिथूनच गेली.

पाणखडपात अजूनही कुणी गेलं, की घरातलं एक माणूस त्याच्या तोंडावर तोंड ठेवून दमेपर्यंत श्वास फुंकतं. तोवर कुणी रडायचं नाही, तिरडी बांधायची नाही, सूर्य बुडाला तर बुडू द्यायचा. आजवर एकही माणूस उठलेलं नाही. तरी फुंकतात.